सटवाजीचे दोन फोटो

सेनगाव, ५ ऑक्टोबर २०२४

चि. राधिकास,

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा बंद करून ठेवल्या आहेस, म्हणून तुझा काका पोस्टात गेला. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "सर, कोर्टाचं आहे का?" पाकिटातून आता नोटीसच निघते, असा लोकांचा समज आहे. तूही हे नोटीसच समज. फक्त उत्तराला मुदत नाही.

तुझ्या पुस्तकाचा कच्चा नमुना मिळाला. दोनदा पाहिला. तुझे पहिले फोटो आठवतात? भेगाळलेली जमीन, सुरकुतलेली म्हातारी, दाराआडून डोकावणारं शेंबडं पोर. मी "उत्तम" म्हणालो होतो आणि तू रुसलीस, कारण माझं "उत्तम" तुला बराबर कळतं. ते फोटो कुणीही काढले असते. कुणीकुणी काढलेही होते. पुण्याला आपल्याकडचं जे पाहायची सवय आहे, तेच तू पुण्याला नेऊन दाखवत होतीस. पाहुण्याला त्याच्याच घरची साखर.

हे पुस्तक तसं नाही. डाव्या पानावर माणूस निमीलित, उजव्या पानावर उन्मीलित. डावीकडे, माणूस गेल्यावर, न्यायच्या आधी घरच्यांनी तुझ्या बापाला बोलावून काढून घेतलेला फोटो. उजवीकडे तोच माणूस, दादानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर डोळे उघडून, कोट चढवून, फेटा बांधून, मागे निळं आभाळ सोडून हार घालायला तयार केलेला. सेनगाव तालुक्यातली निम्मी मेलेली माणसं तुझ्या बापानं अशी जागी केली आहेत.

आणि पहिल्याच पानावर साखरा गावचा सटवाजी, माळावर मेंढ्यांमागे असताना वीज पडून गेलेला. डाव्या फोटोत त्याची मान पडू नये म्हणून हनुवटीखाली कुणा बाईचा गोंदलेला हात आहे. उजव्या फोटोत तो हात पुसलेला आहे. हे पान तुझं आहे, राधिका. दुसऱ्या कुणाला ते सुचलं नसतं, कारण दुसऱ्या कुणी आपल्या बापाला असे हात पुसत बसलेलं पाहिलेलं नाही. तुझे पुण्यातले गुरू म्हणतात ना, की तुला तुझा आवाज सापडला? सापडला खरा. गळा तेवढा दुसऱ्याचा आहे.

आता इकडचं. तू कळवलंस की ऑगस्टमधल्या, याच फोटोंच्या प्रदर्शनाला चांगला प्रतिसाद मिळाला. इथेही मिळाला. आपल्याकडचं कुणी तिथे आलं होतं, त्यानं मोबाईलवर टिपलं, आणि पोळ्याच्या आत ते साखऱ्याला पोचलं. सटवाजीची आई, लक्ष्मीबाई, दुकानात आली. मी तिथेच झेरॉक्स काढत होतो.

"नामाजीभाऊ, माझं मेलेलं लेकरू लोकाच्या मोबाईलात फिरून राहिलं. काहून?"

दादानं काउंटरवरचे कागद सरळ केले.

"नातीनं पाहिलं. मी तिला सांगत होते, तुझ्या बापानं हिंगोलीच्या दसऱ्यात काढला हा फोटो. आता ती मला इचारून राहिली, आजी, दसऱ्यात बाबा निजला होता का?"

एवढं बोलून ती गेली. दादानं शटर ओढलं. या धंद्याची रीत तुला माहीत आहे: न्यायच्या आधीचा फोटो काम झालं की खोडायचा, घरच्यांनाही दाखवायचा नाही. दादा खोडत नव्हता. का, ते त्यालाही सांगता येणार नाही. तू उन्हाळ्यात आलीस, न विचारता ते सगळं उचलून नेलंस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत नेलं असतंस तरी तो नाही म्हणाला नसता, हे यातलं सगळ्यात वाईट. पोळ्यापासून त्याच्या तोंडून तुझं नाव ऐकलेलं नाही.

तू लिहितेस की प्रकाशकांना लक्ष्मीबाईची संमती हवी, त्या पानाशिवाय पुस्तक उभं राहत नाही, आणि काका, तुम्ही जाल का. जाईन. शाळेत संस्कृतला मुलं मार्कांसाठी येतात; औचित्य या विषयाला मार्क नाहीत, म्हणून ते मला कुणी विचारत नाही. तूही विचारलेलं नाहीस. तरी जाईन.

शिवहारकाका


सेनगाव, १७ ऑक्टोबर

राधिका,

साखऱ्याला जाऊन आलो. जीपमध्ये पुढे चौथा होतो. गिअर बदलायला ड्रायव्हरला दर वेळी माझ्या गुडघ्याची परवानगी लागत होती. संमती मागायला निघालेल्या माणसाला हा बरा सराव.

दादाही आला. मी बोलावलं नव्हतं. गावात उतरल्यावर मात्र पारावर बसला. म्हणाला, "तू जा. मी हाय इथं." लोक त्याला ओळखतात. एरवी त्याला बघून कुणीतरी विचारतं, कुणाचं झालं? त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही, आणि चहाही विचारला नाही.

लक्ष्मीबाईचं घर पत्र्याचं. मागे मेंढ्यांचा वाडा, दारात सोयाबीनच्या भुसाचा ढीग. नात नीलम पाढे घोकत होती. मला बघून सातावर अडकली ती अडकलीच. लक्ष्मीबाईनं घोंगडी टाकली. चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. धुरानं माझा चष्मा भरला, तो मी काढून पुसला, परत चढवला. मग तुझं म्हणणं सांगितलं. कुठलं पुस्तक, कोण वाचणार, कशासाठी. तिनं ऐकून घेतलं. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. होकार मिळाला असं समजू नकोस. भिंतीवरचा फोटो मी फार वेळ पाहिला नाही.

येताना पुसेगावला तेराव्याच्या जेवणाला थांबलो, आपल्याच भावकीतले म्हातारे गेले होते. तिथे मोबाईलच्या दुकानवाल्या प्रभूनं नवं काढलं आहे. मेलेल्या माणसाचा एक फोटो द्यायचा, तो फोनमध्ये डोळे उघडतो, पापण्या लववतो, हसतो आणि हात जोडतो. मांडवात मोठा टीव्ही लावून दाखवलं. म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात कुणाला हसून नमस्कार केलेला नव्हता. अर्ध्या लोकांना वाटलं आपण चुकून दुसऱ्याच्या तेराव्याला आलो. मी हसलो. मग बाजूला पाहिलं तर दादाचं ताट तसंच होतं आणि तो चपला शोधत होता.

दुकान अजून बंद आहे. तो घरी असतो. बाजेवर बसून असतो, आणि कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखा पडतो. विचारलं तर तकलीफ काही न्हाई म्हणतो.

शिवहारकाका


सेनगाव, ३ नोव्हेंबर

राधिका,

तुझी एक ओळ पोचली. "काका, तुम्ही काहीतरी कापलंय." फोटोग्राफर झालीस हे आता मला मान्य करावं लागेल, चौकटीबाहेर काय राहिलं ते तुला दिसायला लागलं आहे.

लक्ष्मीबाई हो म्हणाली होती.

मी चष्मा काढला तेव्हा ती हातातली कपबशी तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"सर, तुमी आदी कवा आले होते व्हय आमच्याकडं?"

"नाही. पहिल्यांदाच."

"पाहिल्यासारखं वाटून राहिलं."

मग मी भिंतीकडे पाहिलं आणि सटवाजीनं माझ्याकडे. माझ्या डाव्या डोळ्याची पापणी जराशी उतरलेली आहे, तुला माहीत आहे. लहानपणी तू तिला बोटानं वर करायचीस. ती पापणी तिथे होती, फेट्याखाली. डोळे माझे होते, राधिका. दोन्ही. बी.एड.च्या अर्जासाठी दादानं माझा फोटो काढला होता, त्यातले. आरशात पाहताना निदान दोघंही जिवंत असतात. इथे एकच होता, आणि तो कोणता याची क्षणभर मला खात्री नव्हती.

मी चष्मा चढवला. तुझी सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, "तुमी म्हणता तर छापा. काहून की काय, तुमच्यावर भरवसा वाटून राहिला." मग सहज सांगू लागली की रोज सांजेला ती फोटोपुढे बसते आणि सटवाजीला दिवसभराचं सांगते. कोणती मेंढी व्याली, कोणती लंगडून राहिली, नीलम काय शिकली. कोकरू आजारी असलं की त्याला दाखवायला आणते.

इतकी वर्षं हे सगळं ती माझ्या डोळ्यांना सांगत आली आहे. त्या ओळखीवर तिनं मला हो म्हटलं. हा चोरीचा माल मी तुला पाठवू शकलो नाही. तिचा अंगठा न घेताच उठलो आणि तुला लिहिलं की काही लिहिण्यासारखं नाही.

परतीच्या जीपमध्ये दादाला म्हणालो, "डोळे माझे आहेत."

"व्हय."

"विचारायचं तरी."

"आदी आधार कार्डावरचे लावून पाहिले. पोरगं चोरावानी दिसून राहिलं. तुझे बराबर बसले." बऱ्याच वेळानं, म्हणजे मला वाटलं विषय संपला तेव्हा, म्हणाला, "शिकल्याल्या माणसाचे डोळे कुठंबी बसतात."

माझ्या शिक्षणाचं या घरात झालेलं हे एकमेव कौतुक. आणखी कुणाकुणाच्या घरी मी आहे ते विचारायचा धीर झाला नाही. आता कुणाच्या बैठकीत गेलो की मी मान खाली घालून बसतो. लोकांना वाटतं, सर फार नम्र झाले.

दिवाळीच्या पाडव्याला दादानं शटर उघडलं. मला वाटलं, चला, सुटलं. आत बसून त्यानं कॉम्प्युटरमधले सगळे डावे फोटो खोडले. एकेक उघडून, पाहून, मग खोडला. एकदम टाकता येतात हे त्याला माहीत आहे. आता ते फक्त तुझ्याकडे उरले आहेत.

तर असं आहे. बाईचा हो आहे. कायद्याला तेवढा पुरतो, डोळे कुणाचे ते कायदा विचारत नाही. तू कळव. मी परत जाऊन अंगठा घेऊन येतो आणि तुझं पहिलं पान तुझं होईल. किंवा तिला खरं सांगतो, मग काय होईल ते होईल. हे मी ठरवणार नाही. पुस्तक तुझं आहे.

शिवहारकाका


सेनगाव, २५ नोव्हेंबर

राधिका,

तुझं कार्ड आलं. दोनच शब्द, "खरं सांगा." अक्षर वाकडं आहे. घाईत लिहिलंस की पुष्कळदा लिहून फाडलंस, ते मी विचारत नाही.

लक्ष्मीबाई घरी नव्हती. गावाबाहेर एकाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, तिथे मेंढ्या कोंडायच्या वाघराच्या जाळीपाशी कोकराला पाजत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. शाळेत तास सुरू करायच्या आधी मी वाक्य मनात जुळवतो, तसं जीपमध्ये जुळवून आणलं होतं. त्यातलं काही वापरावं लागलं नाही. "फोटोतले डोळे सटवाजीचे नाहीत, माझे आहेत," एवढ्यात झालं.

तिनं कोकरू खाली ठेवलं.

"चष्मा काढा."

काढला. तिनं पाहिलं. मग तोंड मेंढ्यांकडे केलं ते शेवटपर्यंत माझ्याकडे वळवलं नाही.

"म्हंजे मी इतके दिस तुमाला सांगून राहिले होते."

"हो."

"तुमाला काही ऐकू आलं का?"

"नाही."

"मंग सोडा."

ती घराकडे चालायला लागली, मी मागे. दारात थांबलो. तिनं भिंतीवरचा फोटो उतरवला, हार काढून ठेवला, काच पदरानं पुसली आणि फोटो पोत्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा तुमचा. न्या." नीलम दाराच्या चौकटीला धरून बघत होती. तिला काय वाटलं असेल, एक मास्तर आला आणि तिचा बाप पोत्यात घालून घेऊन चालला.

मी पायरी उतरलो तेव्हा तिनं विचारलं, "तो दुसरा कुठं हाय? झाकल्याल्या डोळ्याचा?"

म्हटलं, नामाजीनं खोडला. पुण्याला त्याच्या मुलीकडे तेवढा आहे.

"त्यात माझा हात हाय. मोबाईलात दाखवला तवा मी डोळे न्हाई पाहिले, हात पाहिला. तो मला द्या."

"आणि पुस्तक?"

"पुस्तकात न्हाई. एकच हाय तो. एकाच जागी ऱ्हाईल."

फोटो एकच नसतो, हवे तितके छापता येतात, हे मी तिला समजावून सांगू शकलो असतो. एका दिवसात एका बाईला जेवढं समजावून सांगावं तेवढं माझं सांगून झालं होतं.

म्हणून तुला लिहितो, सरळ, म्हणजे काही कापलं असं म्हणायला नको. ती नाही म्हणाली. मागचा हो माझ्या डोळ्यांना होता, हा नकार तुला आहे. तू छापलंस तर साखऱ्याहून पुण्याला भांडायला कुणी येणार नाही. जीपनं सेनगावपर्यंत येतानाच माणूस थकतो.

पोत्यातला फोटो माझ्या कपाटात आहे. तुझी काकू म्हणते, परक्या मेलेल्या माणसाला घरात ठेवू नका. मी म्हटलं, पूर्ण परका नाही. ती जेवायला वाढून आत निघून गेली.

शिवहारकाका


सेनगाव, १९ डिसेंबर

राधिका,

तू आलीस आणि दिवस मावळायच्या आत गेलीस. जीपच्या थांब्यावर तुझ्या खांद्याला कॅमेरा नव्हता, हातात कपड्यात बांधलेली चौकट होती, आणि क्षणभर मी तुला ओळखलं नाही. साखऱ्याला तुझ्याबरोबर यायला निघालो तर तू म्हणालीस, "काका, तुम्ही नको." योग्य बोललीस. लागलं, पण योग्य.

परत आलीस तेव्हा विचारलं, काय म्हणाल्या? "घेतला. दार लावून घेतलं." मग चहाच्या गाड्यावर ग्लास हातात घेऊन तू सांगितलंस की पुस्तक थांबलं. दुसरं पान पहिलं करून पाहिलं, तिसरं करून पाहिलं, पण तुला आता त्यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरातून उचललेला दिसतो. गुरू काय म्हणाले विचारल्यावर म्हणालीस, "म्हणाले, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस." मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. तुझं पुस्तक चांगलं होतं. मी तुला "उत्तम" म्हणालेलो नाही, ध्यानात घे.

रस्त्याच्या पलीकडे दादाचं शटर अर्धं वर होतं. आत तो कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होता. तू पाहत उभी राहिलीस, त्याला दिसेल अशी. त्यानं मान वर केली नाही. तुझी गाडी आली.

आता तू गेल्यावरचं. काल सकाळी दादा चपला घालून दारात आला आणि म्हणाला, "चाल, साखऱ्याला." वाटेत मी काही विचारलं नाही. या वेळी तो पारावर बसला नाही. लक्ष्मीबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. तिनं खूप वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग बाजूला झाली. मला पाहून नीलम आत पळाली. लक्ष्मीबाई माझ्याशी बोलली ती माझ्या खांद्याकडे बघून.

फोटो तिनं बैठकीत लावलेला नाही. आतल्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांवरच्या भिंतीला, जिथे पाहुणा जात नाही. अंधार होता. दादानं मोबाईलची बॅटरी लावली आणि फोटोवर धरली. सटवाजीचे मिटलेले डोळे, आईचा हात. दादानं तो फोटो स्वतः काढला होता, स्वतः खोडला होता, आणि भिंतीवर तो पहिल्यांदा पाहत होता. मी मागे उभा राहून वाट पाहत होतो. करुणरसाला लागणारी सगळी सामग्री त्या खोलीत जमलेली होती. पण दादानं शास्त्र वाचलेलं नाही.

तो म्हणाला, "राधिकानं कपाळ काळं छापलं."

बॅटरी जरा खाली घेतली. "सावली उचलाय पाहिजे होती. हाताला बराबर उजेड दिला तिनं." मग लक्ष्मीबाईकडे वळून म्हणाला, "पोरगी आली की कपाळ दुरुस्त करून देईल."

"न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाली. "कोणी हात लावू नगा."

दादानं मान हलवली. बॅटरी बंद केली. थोडा वेळ तिथेच अंधारात उभा होता.

घरी येऊन दादा बाजेवर पडला, भिंतीकडे तोंड करून. प्रकृती बरी नाही. डॉक्टरांना दाखवायचं म्हटलं तर ऐकत नाही. पण पोळ्यानंतर पहिल्यांदा त्यानं तुझं नाव घेतलं, तेही तुझी चूक काढायला, म्हणून लिहिलं. कपाळाबद्दल तुझं काही म्हणणं असेल तर त्याला लिही. तो पाकीट फोडणार नाही. मी फोडीन, आणि त्याच्या पाठीला वाचून दाखवीन.

शिवहारकाका